सोनबाशेजारची सुपारी

मांजरी,
दि. २ मे २०२३

चि. कु. पद्मजा हिस,
आजीचे आशीर्वाद. वि. वि.

तू फोन करतेस आणि मी घेत नाही म्हणून फुगली असशील. मला ऐकू येत नाही म्हणून तुझा बाप फोनचा स्पीकर लावतो. मग माझ्या नातीचं बोलणं गोठ्यातल्या म्हशीपासून समोरच्या नव्या बिल्डिंगच्या वॉचमनपर्यंत सगळ्यांना ऐकू जातं, मला सोडून. म्हणून हे आंतरदेशीय पत्र. चौथीपर्यंत शिकले तेवढ्या भांडवलावर लिहिते. अक्षराला हसू नकोस, तुझं फार चांगलं होतं असं नाही.

पाडव्याला तू आबेदाला घेऊन आलीस, आणि आम्ही दोघी एकमेकींशी लग्न करणार म्हणालीस, तेव्हापासून घर धड बसलेलं नाही. तुझ्या बापाला, मच्छिंद्रला, नक्की राग कशाचा आला हे त्याला अजून ठरवता आलेलं नाही. आधी म्हणाला, दोन बायका? मग आठवण झाल्यासारखा म्हणाला, आणि त्यात मोमिनपुऱ्यातली? एका वेळी एकाच गोष्टीवर रागाव म्हटलं, तर पोळी टाकून उठला. पोळी मग आबेदाने खाल्ली, ते मला आवडलं. तिचं आणखी एक आवडलं. पोरांना गणित शिकवून तिचा घसा तयार झालाय. त्या घरभर माणसांत तिचंच बोलणं मला एका दमात ऐकू आलं.

तुम्हा दोघींत नवरा कोण, हे मी विचारणार नाही. आमच्या घरात नवरा कोण होतं हे सांगायला तुझ्या आज्याला, सोनबाला, तरी कुठे जमलं असतं.

आता कामाचं. तुझ्या भावाचं, इंदरचं, लग्न डिसेंबरात ठरलं. मुलगी वाघोलीची, बरी आहे, कमी हसते. लग्नानंतर घरी गोंधळ घालायचा. तू आबेदाशिवाय येणार नाहीस असं इंदरला सांगितलंस म्हणे. ते ऐकून मच्छिंद्र पाहुण्यांसमोर मांडीवर थाप मारून बोलला, की दिल्लीच्या कोर्टाने याला लग्न म्हटलं तर मी स्वतः दोघींना गोंधळाला जोडीने बसवीन, आणि नाही म्हटलं तर एकटी ये, नाहीतर येऊ नकोस. त्याला वाटलं, असं काही व्हायचं नाही. आणि आता रोज टीव्हीवर तेच कोर्ट लावून बसतो. मी खोलीत आले की क्रिकेट लावतो. क्रिकेट बंद असलेल्या दिवशीसुद्धा.

ते वकील काय भांडतात ते मला कळेलसं लिही. इंग्रजीत भांडतात आणि मच्छिंद्र मला अर्धंच सांगतो, त्याच्या बाजूचं.

जागा संपली. लोभ आहे तेवढा राहू दे.
तुझी आजी,
तुळजाबाई



कर्वेनगर,
दि. १४ मे २०२३

ती. आजीस,
पद्मजाचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र आलं आणि आबेदाने ते वर्गात वाचतात तसं मोठ्याने वाचलं. पोळीच्या उल्लेखाला लाजली. तुला सलाम सांगितलाय.

अगं, मी एकतीस वर्षांची, आणि तू अजून ‘चि. कु.’ लिहितेस!

सुनावणी गुरुवारी संपली. निकाल कधी लागेल ते कोणाला माहीत नाही. आमच्या बाजूचं म्हणणं साधं आहे. दोन धर्मांच्या माणसांना लग्न करायला सरकारने स्वतंत्र कायदा केलेला आहे. त्याच कायद्याने आम्हालाही करू द्या. सरकारचं म्हणणं, की या देशात लग्न म्हणजे कायम एक पुरुष आणि एक बाई. रिवाज तसा, धर्म तसा, इतिहास तसा. ते बदलायचं तर संसदेने बदलावं, कोर्टाने नाही. एवढ्यावर दिवसच्या दिवस भांडण झालं. मी ऑफिसात कानात वायर घालून ऐकत होते, माझं काम शेजारच्याने केलं.

आम्हाला काय हवंय असं बाबा विचारतात ना, त्यांना सांग. घरमालकाला आम्ही मावसबहिणी म्हणून सांगितलंय. एक जाधव आणि एक शेख, मावसबहिणी! तो बिचारा मान्य करतो, कारण भाडं वेळेवर येतं. आबेदाची अम्मी दर रविवारी डबा पाठवते. डबा दोघींना पुरेल एवढा असतो, आणि फोनवर विचारते, एकटीच राहतेस ना? सगळ्यांना सगळं माहीत आहे आणि कोणालाच काही माहीत नाही. याचा मला कंटाळा आलाय, आजी. बरी झोप लागत नाही. आबेदा म्हणते मी झोपेतसुद्धा कोणाला तरी पटवून देत असते.

निकाल आमच्या बाजूने लागला तर बाबा शब्द पाळतील ना?

लोभ असावा, टोमण्यांसकट.
तुझी,
पद्मजा



मांजरी,
दि. ३० मे २०२३

चि. कु. पद्मजा हिस,
आजीचे आशीर्वाद. वि. वि.

चि. कु.च लिहिणार. दुसरं काय लिहायचं ते अजून दिल्लीत ठरतंय.

लग्न कायम एकाच तऱ्हेचं होतं असं सरकारी वकील म्हणाला का? मग माझं काय झालं होतं ते त्याला विचारायला पाहिजे. तुला हे अर्धंमुर्धं माहीत असेल. पुरतं ऐक.

माझा पहिला नवरा सापाने गेला तेव्हा मी सतरा वर्षांची होते. पुढच्या वर्षी सोनबाशी माझा पाट लावला. सोनबाची पहिली बायको बाळंतपणात गेलेली. विधवेचं लग्न होत नसे, तिचा पाट लागे. आपल्यात चालायचं ते, वरच्या जातीत तेवढंही नव्हतं. होम नाही, मंगलाष्टका नाहीत, वाजंत्री तर नाहीच. अंधार पडल्यावर गोठ्यामागे दोन पाट मांडले, पदराला उपरण्याची गाठ मारली, कुंकू लावलं, झालं. सवाष्ण बायकांनी आमच्याकडे बघायचं नाही असा नियम, म्हणून चुलत जावा आत तोंड फिरवून बसलेल्या. मला विचारलं कोणी नव्हतंच. आबेदा पाडव्याला सांगत होती, त्यांच्यात नवरीला आधी विचारतात कबूल आहे का. ते मला पटलं. मला विचारलं असतं तर हो म्हणाले असते, पण विचारायचं तर.

माझा थोरला भाऊ दत्तोबा शाळामास्तर. पाटानंतर तीन वर्षं त्याची पत्रं यायची ती ‘गं. भा. तुळजाबाई’ अशी. सोनबा ओट्यावर जिवंत बसलेला, विडा चघळतोय, आणि त्याच्या बायकोला विधवेच्या नावाने पत्र! पोस्टमन हाक मारायचा तेव्हा सोनबा म्हणायचा, जा, माझ्या मयताचं पत्र आलंय. मच्छिंद्र जन्माला आल्यावर दत्तोबाने एकदाचं सौ. लिहिलं.

आणि तुझ्या आज्याचा धाकटा भाऊ सर्जेराव, त्याच्या लग्नाचा गोंधळ झाला तेव्हाची गोष्ट. घरातल्या थोरल्या जोडीने देवीपुढे पाटावर बसायचं. पण पाटाची बायको चालत नाही म्हणाले. मग सोनबा एका पाटावर आणि शेजारच्या पाटावर सुपारी. बायको हजर नसली की तिच्या जागी सुपारी ठेवतात, तशी. आणि बायको दारात उभी होती, हातात तेलाचं भांडं घेऊन, कारण दिवट्यांना तेल घालायला पाटाची बायको चालत होती. मी दर वेळी तेल घालताना त्या सुपारीकडे बघत होते. चांगली मोठी निवडली होती, एवढं म्हणेन.

सोनबा गेल्यावर याच सर्जेरावाने दावा लावला, की ही लग्नाची बायको नाही, म्हणजे ऊस तिचा नाही आणि पोराचाही नाही. खालच्या कोर्टाने मला विचारलं, सप्तपदी झाली का? नाही म्हणाले. होम झाला का? नाही. मग लग्न झालं हे कशावरून? मी म्हटलं, पोराकडे बघा, नाक कोणाचं आहे. कोर्टात हसले आणि मी हरले. वरच्या कोर्टाने मात्र ठरवलं, की त्या लोकांचा रिवाज तोच, म्हणून लग्न तेच. मधे तीन वर्षं गेली.

तेव्हा इतिहास तसा होता असं कोणी म्हणालं, तर कोणाचा ते विचार.

मच्छिंद्र शब्द पाळील का म्हणतेस. त्याचं मला सांगता येत नाही. बापासारखा नाही तो, त्याला लोकांचं भय आहे.

गुडघा दुखतो. म्हैस व्याली. लोभ आहे त्यात कमी करू नकोस.
आजी



(पोस्टकार्ड)
मांजरी, दि. २१ ऑगस्ट २०२३

चि. कु. पद्मजा हिस आशीर्वाद. कार्डावर जास्त लिहीत नाही, पोस्टमन वाचतो. त्याचं काय झालं? एवढा विचार करून ते लोक करतात काय? इथे मच्छिंद्र रोज सकाळी पेपर आधी स्वतः वाचतो आणि मग मला चष्मा सापडू देत नाही. पोस्टमनबाबा, वाचत असशील तर लवकर पोचव. आजी.



कर्वेनगर,
दि. १९ ऑक्टोबर २०२३

ती. आजीस,
सा. न. वि. वि.

तुला कळलंच असेल. परवा निकाल लागला. तुमच्याकडे घट बसलेत, तिसऱ्या माळेचा दिवस होता. पाचही न्यायाधीश म्हणाले, लग्न करणं हा मूलभूत हक्क नाही, आणि कायदा करायचा तर संसदेने करावा. दोघे म्हणाले, निदान अशा जोडप्यांचं नातं तरी मानायला हवं. तिघे तेही नको म्हणाले. बोलले सगळे फार सहानुभूतीने. मला ती सहानुभूती ऐकवत नव्हती.

आबेदा त्या दिवशी कॉलेजात गेली आणि दिवसभर शिकवलं. घरी आली, चपला काढल्या, आणि दुपारचा भात तसाच पातेल्यातून उभ्याने खाल्ला. मग म्हणाली, घरमालकाला आता मावसबहिणीच राहू दे.

संध्याकाळी बाबांचा फोन आला. त्यांनी वाईट शब्द काढला नाही. फक्त म्हणाले, आता तूच बघ, कोर्टच म्हणालं. इंदरच्या लग्नाला एकटी ये, मी कोणाला काही बोलू देणार नाही. आजी, ते रागावले असते तर मी भांडले असते. ते सुटल्यासारखे बोलत होते.

मी येणार नाही. इंदरला मी समजावलंय, तो रडला. आबेदाला घरी ठेवून मी देवीपुढे हात जोडून बसू, आणि माझ्या शेजारी काय, सुपारी?

लोभ असावा.
पद्मजा



मांजरी,
दि. २१ ऑक्टोबर २०२३

चि. पद्मजा हिस,
आजीचे आशीर्वाद. वि. वि.

रडून झालं असेल तर ऐक. दिवाळीच्या पाडव्याला दोघी इथे या. मी तुमचा पाट लावते. काय काय लागतं ते मला माहीत आहे, आणि लावणारी म्हातारी विधवा असली तरी त्याला चालतं, म्हणजे मीच लागते. वरच्या कोर्टाने एकदा ठरवलंय की रिवाजाने लावलेला पाट म्हणजे लग्न. आता हा रिवाज माझ्या घरातला आहे, आणि तो लावायला मी दिल्लीला विचारणार नाही. आबेदाला तीनदा कबूल आहे का तेही विचारीन, म्हणजे त्यांच्याकडचंही राहायला नको. भर दुपारी लावीन, अंगणात. मच्छिंद्र घरात थांबला तर ठीक, नाहीतर ऊस बघायला जाईल.

हिरव्या बांगड्यांची मापं कळव. आबेदाचं मनगट मोठं आहे.

लोभ आहेच, तो विचारायचा नसतो.
आजी



कर्वेनगर,
दि. २८ ऑक्टोबर २०२३

ती. आजीस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून आबेदा पहिल्यांदा हसली, मनगटावरून.

आजी, नको. रागावू नकोस. ज्यांना खरं लग्न द्यायचं नव्हतं त्यांना पाट दिला, हे तूच मला लिहिलंस. तू तो घेतलास कारण तुला दुसरं काही कोणी देत नव्हतं. मला तोच परत घ्यायचा नाही. दुपारी लावला तरी तो गोठ्यामागचाच. आम्ही थांबू. कायदा होईल तेव्हा सगळ्यांसारखं करू, म्हाताऱ्या झालो तरी. तोवर आम्ही जशा आहोत तशा कोणी बसवणार असेल तर येऊ, नाहीतर नाही.

एवढंच लिहायला मला तीन कागद फाडावे लागले.

लोभ असावा, खरंच असावा.
पद्मजा



मांजरी,
दि. ९ नोव्हेंबर २०२३, वसुबारस

चि. सौ. पद्मजा आणि चि. सौ. आबेदा यांस,
आजीचे आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र वाचून मी रागावले. देऊ केलेलं परत करते म्हणजे काय! दोन दिवस जेवताना तुझ्या आईवर तो राग काढला, तिला कळेना आमटीत काय चुकलं. मग चष्मा पुसून पुन्हा वाचलं. तुझं बरोबर आहे. मलाही तो नको होता. मला गावाच्या वेशीतून मांडवापर्यंत वाजत जायचं होतं. त्र्याहत्तर साली कोर्टात उभी राहून मी ‘आमच्यात असंच असतं’ म्हणाले, कारण वकिलाने तसं सांगायला सांगितलं होतं.

तर मी काय केलं ते सांगते. मच्छिंद्र दिवाळीच्या दिव्यांच्या माळा तपासत बसला होता, एक लागत होती, एक विझत होती. मी ऐकू यावं म्हणून अगदी जवळ जाऊन बसले आणि विचारलं, खालच्या कोर्टाने मला तुझ्या बापाची बायको नाही म्हणून सांगितलं तेव्हा तू दहा-अकरा वर्षांचा होतास. वरच्या कोर्टाचा निकाल येईपर्यंत मधे तीन वर्षं गेली. त्या तीन वर्षांत मी तुझी कोण होते?

तो म्हणाला, आई, ती गोष्ट वेगळी. मी म्हटलं, वेगळी कशी ते सांग, मला वेळ आहे. तो माळेच्या गाठी सोडवत राहिला. मग म्हणाला, तुला माहीत नाही, शाळेत मला पाटाचा म्हणायचे. हजेरीत नाव आलं की मागच्या बाकावरून हळूच म्हणायचे, मास्तरांना ऐकू जाऊ नये असं. मी घरी कधी सांगितलं नाही. आता साठी उलटल्यावर परत आपल्या घराकडे कोणी बोट दाखवावं, हे मला सोसायचं नाही.

पद्मे, हे मला खरंच माहीत नव्हतं. तुझा बाप नुसता हट्टी आहे असं मी धरून चालले होते. मग मी म्हटलं, मच्छिंद्र, तुझ्याकडे बोट दाखवणारे गेले. सर्जेराव गेला, दत्तोबा गेला, मागच्या बाकावरची पोरंही अर्धी गेली असतील. आता या घरात बोट दाखवणारा एकच राहिलाय, आणि तो माझ्या पोटचा आहे. कोर्ट नाही म्हणालं, ठीक. माझ्या वेळीही आधी नाहीच म्हणालं होतं. लग्न तेव्हाही झालेलंच होतं, कोर्ट मागून बघायला आलं. तुझ्या बापाशेजारी ज्यांनी सुपारी ठेवली त्यांच्यावर तू जन्मभर रागावलास. आता तीच सुपारी तू पोरीशेजारी ठेवणार का?

तो उठून ऊस बघायला गेला. ऊस आता दोन बिल्डिंगच्या मधे आहे तेवढा पट्टाच उरलाय, त्याला बघायला पाच मिनिटं पुरतात. तो अंधार पडेपर्यंत आला नाही. जेवला नाही. तुझ्या आईने मला विचारलं, काय बोललात? मी म्हटलं, आमटीबद्दल.

आज सकाळी हडपसरच्या सुताराकडून टेम्पो आला. मच्छिंद्रने गोंधळासाठी नवे पाट करायला टाकले होते. तो आणि तुझी आई दोन, इंदर आणि नवी नवरी दोन, असे चार पाहिजेत. इंदरने उतरवून ओट्यावर ओळीने ठेवले. सहा आहेत. इंदर मोठ्याने म्हणाला, सहा आलेत, बाबा. मच्छिंद्र म्हणाला, सुतार चुकला असेल, राहू दे आता. या सुताराला मी चाळीस वर्षं ओळखते. त्याने आयुष्यात चुकून एक खिळा जास्त दिलेला नाही.

फार हुरळून जाऊ नका. मच्छिंद्र तुमच्याशी धड बोलेल असं मी लिहून देत नाही. आबेदाला तो काय म्हणून हाक मारील तेही मला माहीत नाही, बहुतेक हाकच मारणार नाही. वाघोलीकर विचारतील तेव्हा तो म्हशीबद्दल बोलायला लागेल. गोंधळी नव्या जोड्यांची नावं विचारतो तेव्हा काय होईल याचा विचार करून मला पहाटे जाग येते. पण पाट सहा आहेत, आणि त्यांना पॉलिश एकाच हाताने केलेलं आहे.

वर सौ. लिहिलंय ते बघितलं असेल. पेन बराच वेळ धरून बसले होते. कायदा झाला की लिहीन म्हणत होते, पण दत्तोबाला तीन वर्षं लागली, आणि मी एक्याऐंशीची आहे. दिल्लीच्या लोकांना घाई नाही, मला आहे.

लग्न सतरा डिसेंबरला, गोंधळ दुसऱ्या दिवशी. दोघी आदल्या रात्रीच या. आबेदाला माझ्या शेजारची खाट. गोंधळी काय म्हणतो ते मला तीच सांगेल, तुमचं कोणाचं मला ऐकू येत नाही.

आणि येताना सुपारी आणू नका. मी कपाटातली सगळी काढून म्हशीच्या गड्याला देऊन टाकली. विड्यापुरतीसुद्धा घरात ठेवलेली नाही.

लोभ होता, आहे, आणि माझ्यामागे तो कोणाकडे मागायचा ते तुम्हाला आता माहीत झालं.

तुमची आजी,
तुळजाबाई सोनबा जाधव